बैलघोड्यातला कुत्र्याचा डोळा

परळ स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याला 'बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय' असं पूर्ण नाव सांगून पाहा. तो दोनदा विचारेल. 'बैलघोडा' म्हणा, मीटर पडलाच म्हणून समजा. आमच्या महाविद्यालयाची मुलं ज्या दवाखान्यात रोगी बघायला शिकली, त्याचं गिरणगावानं ठेवलेलं हे नाव. बोलीभाषेनं ठेवलेली नावं सहसा खोटी नसतात. तिथे बैल येत आणि घोडे येत, म्हणून बैलघोडा. कुत्रा त्या नावात नाही.

संपादक मंडळानं मला संस्थेचा इतिहास लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. प्राचार्यांच्या कारकिर्दी, इमारती, जागांची मंजुरी हे लिहिणारे माझ्याहून चांगले लोक आहेत. माझं आयुष्य शस्त्रक्रियेच्या टेबलाशी गेलं आणि त्यातही बराच काळ कुत्र्यांच्या दुखावलेल्या डोळ्यांत. मंडळ म्हणालं, मग तेच लिहा. २०२६ मध्ये महाविद्यालय १४० वर्षं पूर्ण करतं. एवढा पट एका डोळ्यातून पाहायचा तर पुष्कळ काही दिसणार नाही, हे आधीच कबूल करतो.

कुत्र्याची गोष्ट या शहरात दवाखान्याच्या बरीच आधी सुरू होते. मोकाट कुत्री मारली तर दर कुत्र्यामागे आठ आणे, असा कंपनी सरकारचा रिवाज होता. १८३२ च्या जून महिन्यात शिपाई त्या आठ आण्यांपायी ओट्यावरची, दारातली, माणसाळलेली कुत्रीही उचलू लागले आणि ६ जूनला कोटातल्या पारशांचा संयम सुटला. त्यांनी शिपायांना चोपलं, दुकानं बंद झाली, हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही सामील झाले. मुंबईच्या इतिहासात हा 'कुत्र्यांचा दंगा' म्हणून नोंदला गेला आहे. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेदजी जीजीभॉय आणि त्यांच्याबरोबरच्या शेठ मंडळींनी पांजरापोळ उभी केली.

पारशांना कुत्र्याचा एवढा कळवळा का, तर त्यांच्या धर्मात कुत्र्याच्या नजरेला मान आहे. माणूस गेला की प्रेताजवळ कुत्रा आणतात आणि त्याला ते पाहू देतात. या विधीला सगदीद म्हणतात. सग म्हणजे कुत्रा, दीद म्हणजे पाहणं. त्यातही ज्याच्या भुवयांच्या जागी दोन ठिपके असतात तो 'चार डोळ्यांचा' कुत्रा उत्तम मानतात. मी डोळ्यांचा माणूस असल्यामुळे ही गोष्ट माझ्या मनात कायमची अडकून बसली आहे. आमच्या दवाखान्याची पायाभरणी या श्रद्धेतून झाली असा दावा मात्र मी करत नाही.

कारण दवाखाना झाला तो ओझ्याच्या जनावरांसाठी. १८७४ या एकाच वर्षी मुंबईत दोन गोष्टी सुरू झाल्या: घोड्यांनी ओढायची ट्राम आणि प्राण्यांच्या छळाला आळा घालणारी सोसायटी. एकीनं घोड्यांचे हाल वाढवले आणि दुसरी ते मोजायला लागली, असं म्हटलं तर ट्राम कंपनीवर फारसा अन्याय होणार नाही. बंदर, कापसाच्या गाठी, गिरण्या हे सगळं बैलाच्या मानेवर आणि घोड्याच्या खुरांवर चाललेलं. गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी पुढे येऊन दवाखान्यासाठी परळची जागा आणि पैसा दिला आणि पत्नीचं, साकरबाईंचं, नाव त्याला लागलं. दवाखाना त्याच सोसायटीच्या हाती आला. या आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. तसबिरीत माणूस कडक दिसतो, पण त्याच्या कामाची यादी पाहिली की दम लागतो. महाविद्यालय सुरू होण्याआधीच त्यांनी हत्तींच्या आजारांवर पुस्तक लिहिलं होतं, बैलांच्या आजारांवर लिहिलं होतं आणि १८८२ पासून भारतात पशुवैद्यकाचं एक त्रैमासिक चालवायला घेतलं होतं. परळला आल्यावर दोन वर्षांत, १८८८ मध्ये, त्यांचा कुत्र्यांच्या आजारांवरचा जाडजूड ग्रंथ आला. दारात बैलगाड्यांची रांग आणि आत प्राचार्य कुत्र्यांवर लिहितायत. म्हणजे कुत्रा या संस्थेत आला तो आधी पुस्तकातून, असं मी गमतीनं विद्यार्थ्यांना सांगत असे. स्टील १८९१ मध्ये मुंबईतच वारले. वय अवघं ३५.

त्यांचं नाव आजही आमच्या प्रयोगशाळेत रोज घेतलं जातं, फक्त घेणाऱ्याच्या ते लक्षात नसतं. सर्रा नावाचा आजार घडवणारा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये पंजाबात घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात पाहिला. स्टील यांना तो ब्रह्मदेशातल्या खेचरांत सापडला आणि १८८५ मध्ये त्यांनी त्याला इव्हान्स यांचं नाव दिलं. शास्त्रीय रिवाजाप्रमाणे त्या नावापुढे नाव देणारा म्हणून कंसात 'स्टील, १८८५' असं अजून लिहितात. हे इथे सांगायचं कारण असं की सर्रा कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्यात तो पुष्कळदा डोळ्यावर उतरतो. कॉर्निया, म्हणजे बुबुळापुढची पारदर्शक काच, एका रात्रीत निळसर दुधी होते. मालक शपथेवर सांगतो, कुणीतरी दगड मारला. जखम कुठेच दिसत नाही, जखम दाखवणारा रंग टाकला तर तो धरत नाही, ताप मात्र असतो. अशा वेळी चाकू बाजूला ठेवायचा, कानाच्या टोकातून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारी शेपटी शोधायची. सापडली की आमच्या पहिल्या प्राचार्यांची भेट झाली.

सुरुवातीच्या काळात इथे डोळ्याची शस्त्रक्रिया म्हणजे प्रामुख्यानं घोड्याच्या डोळ्यातला जंत. आजच्या मुलांना ही कपोलकल्पित कथा वाटते. घोड्याच्या डोळ्यात, काचेच्या मागच्या पाण्यात, पांढऱ्या दोऱ्यासारखा जिवंत किडा पोहताना दिसतो. हा मूळचा बैलाच्या पोटातला. डास तो उचलतो, घोड्यात सोडतो आणि परक्या घरात वाट चुकलेला जंत डोळ्यात जाऊन राहतो. बैल आणि घोडा यांचं असं नातं या दवाखान्याच्या नावाशिवाय दुसऱ्या कशातच दिसत नसेल. उपाय साधा आणि हिमतीचा: काचेच्या कडेला बारीक टोकदार पात्यानं एकच छेद घ्यायचा, आतलं पाणी उसळतं आणि त्याबरोबर जंत बाहेर पडतो. पाणी पुन्हा भरतं. छेद नीट असेल तर डोळा राहतो.

हे करायला घोडा स्थिर हवा, आणि इथेही काळाचा योग बघा. व्हिएन्नातल्या कार्ल कोलरनं १८८४ मध्ये दाखवून दिलं की कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो. आधी बेडकाचा डोळा, मग सशाचा, कुत्र्याचा आणि शेवटी स्वतःचा. माणसांच्या नेत्रशस्त्रक्रियेला वळण देणाऱ्या त्या शोधाच्या परीक्षेला कुत्रा बसला होता. त्याचा फायदा कुत्र्याच्या पदरात पडायला मात्र बराच वेळ लागला. कारण घोड्याला बांधून, पाडून, थेंब घालून काम भागत होतं. कुत्रा पूर्ण झोपल्याशिवाय डोळ्याला हात लावू देत नाही आणि क्लोरोफॉर्मनं झोपवलेलं कुत्रं उठेलच याची खात्री नसे.

मधली वर्षं मी भराभर ओलांडतो. १९०५ मध्ये घोड्यांची ट्राम बंद झाली, १९०७ मध्ये विजेची आली. इथली जी.बी.व्ही.सी. ही पदविका गावोगावच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर दिसू लागली. पुढे पदविका जाऊन पदवी आली. १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झालं, आम्ही त्यात गेलो. २००० मध्ये नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झालं, आम्ही त्यात आलो. लेटरहेड बदलत गेली, फाटकावरची गर्दी तीच राहिली.

मी विद्यार्थी म्हणून आलो तो सत्तरच्या दशकाच्या शेवटी. तेव्हा बैल कमी झाले होते, व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे होते, आणि बाकड्यावर पॉमेरेनियन, अल्सेशियन, चाळीतली गावठी कुत्री अशी सरमिसळ असे. आम्हाला डोळा शिकवला तो सरांनी, पण डोळा धरायला शिकवला तो एका मदतनीस मामांनी. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पहिल्याच आठवड्यात मी एका फुटक्या डोळ्याच्या कुत्र्याची मान हिसडा देऊन पकडली, तर मामा खेकसले, "गळा सोड आधी! गळा दाबलास तर डोळ्यातला माल तुझ्या हातात येईल." मग त्यांनी दाखवलं. दोन्ही हात कानांमागे, अंगठे गालाच्या हाडावर, कोपरांनी खांदे आवळायचे, गळ्याला बोटसुद्धा लावायचं नाही. गळ्याच्या शिरा दाबल्या की डोळ्यातला दाब चढतो आणि फाटलेल्या काचेतून बुबुळ बाहेर येतं. हे मी पुढे पुस्तकात वाचलं, तेव्हा त्या पानावर मला मामांचा आवाज ऐकू आला. आजही कुणी डोळा दुखावलेलं कुत्रं गळ्यातल्या पट्ट्याला धरून ओढत आणलं की मी आधी पट्टा काढायला सांगतो.

त्याच वर्षांतली एक केस मी अजून विसरलेलो नाही. दादर पारशी कॉलनीतून एक आजी टॅक्सीनं आल्या. मांडीवर ल्हासा अप्सो, आणि तिच्या डाव्या डोळ्यावर ओला रुमाल. रस्त्यावरच्या मोठ्या कुत्र्यानं मानेमागे धरून झटकलं होतं. रुमाल उचलला तर डोळा खोबणीच्या बाहेर, पापण्या त्याच्या मागे अडकलेल्या, एखाद्या बटणाच्या मागे काज जावं तशा. आजी मला म्हणाल्या, "डिकरा, आंख रेहशे ने?" मी सरांकडे बघितलं. सर रुमालाकडे बघत होते. त्यांनी विचारलं, रुमाल किती वेळ ओला ठेवला? आजी म्हणाल्या, घरून निघताना पाण्यात भिजवला आणि वाटेत दोनदा टॅक्सी थांबवून पुन्हा भिजवला. सर म्हणाले, "मग प्रयत्न करता येईल."

चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचा डोळा बाहेर येतो तो त्यांच्या खोबणीच्या उथळपणामुळे. थोड्याशा झटक्यानंही येतो. म्हणूनच त्यांचा डोळा वाचण्याची शक्यता लांब तोंडाच्या कुत्र्यापेक्षा जास्त असते, कारण लांब नाकाच्या कुत्र्याचा डोळा बाहेर यायला मार मोठा लागतो आणि त्या मारात स्नायू आणि नस दोन्ही तुटतात. मालकाला हे उलटं वाटतं. डोळ्याला चिकटलेले किती स्नायू तुटले, बाहुली आक्रसते का, आत रक्त भरलं आहे का, हे बघून अंदाज बांधायचा असतो. सगळ्यात आधी तुटतो तो नाकाकडचा स्नायू.

सरांनी डोळा सलाइननं धुतला. पापण्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यात कात्रीनं एक छोटा काप दिला, म्हणजे दार थोडं रुंद झालं. वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेतून टाके घेतले, पण बांधले नाहीत. त्यांची टोकं मला धरायला दिली आणि म्हणाले, मी सांगेन तेव्हा पापण्या पुढे खेच. स्वतः ओल्या गॉजनं डोळ्यावर अलगद दाब देत राहिले. डोळा आत ढकलायचा नसतो, पापण्या त्याच्यावरून पुढे आणायच्या असतात. हे वाक्य ऐकायला सोपं आहे. बोटांना कळायला मला चार वर्षं लागली. डोळा आत गेल्यावर सरांनी सलाइनच्या नळीचे तांदळाएवढे तुकडे कापले आणि टाक्यांत ओवले, म्हणजे दोरा सुजलेल्या कातडीत रुतणार नाही. टाका पापणीच्या कडेला, जिथे बारीक ग्रंथींची तोंडं दिसतात तिथूनच बाहेर यायला हवा. आतल्या बाजूनं आला तर तो दोराच काचेवर घासत राहील आणि वाचवलेला डोळा आपणच घालवू. नाकाकडचा कोपरा औषधाच्या थेंबांसाठी उघडा ठेवला. टाके तीन आठवड्यांनी काढायचे ठरले. त्या दिवसाबद्दल शेवटी सांगतो.

पदवी झाल्यावर मी काही वर्षं एका तालुक्याच्या दवाखान्यात होतो. तिथे माझ्या हातून एक डोळा गेला. एका शेतकऱ्याचं राखणीचं कुत्रं, मांजरीनं पंजा मारलेला. काचेवर सुईच्या टोकाएवढी जखम, ती बंदही झालेली. मी थेंब दिले, बाहुली मोठी करायचं मलम दिलं, शेतकऱ्याला काळजी करू नका म्हटलं आणि मनात स्वतःची पाठ थोपटली. तीन आठवड्यांनी ते कुत्रं परत आलं ते डोळा घट्ट मिटून, लाल, आत सुजून, डोळा आकसू लागलेला. मांजरीची नखी काचेतून आत जाऊन भिंगाच्या पिशवीला चिरून आली होती. पिशवी फुटली की भिंगातला ऐवज बाहेर झिरपतो, आणि शरीरानं तो आयुष्यात कधी पाहिलेला नसल्यामुळे ते त्याच्यावर शत्रू समजून तुटून पडतं. चीर दीड मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर भिंग लवकर काढून टाकावं, असा आज सर्वसाधारण नियम आहे. मी भिंगाकडे पाहिलंच नव्हतं, कारण दिसणारी जखम बरी झाली होती. शेवटी डोळा काढला. मी अपराधी चेहरा करून उभा होतो, तर शेतकरी म्हणाला, "साहेब, राखणीला एक डोळा पुरतो." तेव्हापासून मांजरीचा पंजा म्हटलं की मी काच बरी दिसली तरी बाहुली मोठी करून भिंग बघतो.

काच शिवणं हा आमच्या कामाचा सगळ्यात नाजूक भाग. कुत्र्याच्या कॉर्नियाची जाडी साधारण ०.६ मिलिमीटर. सुई त्या जाडीत तीन चतुर्थांश खोलीवरून न्यायची. आरपार गेली तर टाक्याच्या भोकातूनच पाणी गळतं. आम्ही वापरतो तो आठ-शून्य किंवा नऊ-शून्य नंबरचा दोरा माणसाच्या केसाहून बारीक असतो. साध्या डोळ्यांनी तो बांधता येत नाही, खोकला आला तर टेबलावरून हरवतो. मी कपाळावरच्या भिंगाखाली शिकलो. आजची मुलं ऑपरेटिंग मायक्रोस्कोपखाली शिकतात आणि मला त्यांचा हेवा वाटतो. शिवून झालं की आत हवेचा एक बुडबुडा किंवा जेलीसारखं द्रव्य सोडायचं, म्हणजे बुबुळ काचेला चिकटत नाही. मग जखमेवर नारिंगी रंगाची पट्टी टेकवायची. कुठे गळत असेल तर रंगातून हिरवी धार फुटते, पावसात काचेवरून ओघळ यावा तशी. ती दिसली की पुन्हा टाका.

भुलीचा प्रश्न कोकेनच्या काळापेक्षा बराच सुटला, पण सगळा नाही. झोपलेल्या कुत्र्याचा डोळा खाली, नाकाकडे फिरतो आणि तिसरी पापणी त्याच्यावर पडदा ओढते. सर्जनला हवी ती काच नेमकी दिसेनाशी होते. स्नायू सैल करणारं औषध दिलं की डोळा मधोमध येऊन थांबतो, पण त्याबरोबर श्वासाचे स्नायूही सैल होतात, म्हणून श्वासयंत्र लागतं. यंत्र नसलेल्या दवाखान्यात दोऱ्याचे टाके घेऊन डोळा हव्या त्या दिशेला ताणून धरतात. आणखी एक: फुटलेला डोळा समोर असताना ओकारी आणणारी औषधं टाळायची. कुत्रं एकदा जोरात ओकलं की टाके घालायला काही उरत नाही.

तिसऱ्या पापणीबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. जुन्या काळी डोळ्याला काहीही झालं की ती ओढून वरच्या पापणीला शिवून टाकत. नैसर्गिक पट्टी, शिवायला सोपी, दहा मिनिटांचं काम. पुष्कळ डोळे तिनं वाचवले हे खरं. पण पडदा टाकला की आत व्रण भरतोय की पसरतोय हे कुणालाच दिसत नाही. व्रणात जंतू शिरले की काच वितळू लागते, अक्षरशः, थंडीत गोठलेलं तूप उन्हात सुटावं तशी. ते पडद्याआड होतं आणि टाके काढायच्या दिवशी कळतं. खोल व्रणावर डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या नाजूक आवरणाची एक पट्टी फिरवून शिवणं मला अधिक पटतं. त्या पट्टीबरोबर रक्तवाहिन्या येतात, रक्ताबरोबर दुरुस्तीचं सामान येतं, आणि काय चाललंय ते रोज दिसतं. नंतर ती पट्टी एक पांढरा वण ठेवते. मालक वणावर नाराज होतात, कुत्र्याला त्याचं काही वाटत नाही.

परळ बदललं तसे रोगी बदलले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, चाळींच्या जागी टॉवर आले. २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं व्हिक्टोरिया बेकायदा ठरवली आणि बैलघोड्यातला घोडाही बराचसा गेला. बैल तर आधीच गेला होता. त्याआधी, २००३ च्या सुमारास, एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग एका मुलाच्या मागे मागे चालत गेला आणि घरोघर पग आले. त्यांच्याबरोबर बाहेर आलेले, सुकलेले, स्वतःच्याच नाकाच्या सुरकुतीतल्या केसांनी ओरखडलेले डोळे आले. ओरखडा छोटा असतो. शेजारचा कुणीतरी सांगतो, माझ्या आईला हे थेंब दिले होते, आणि केमिस्टकडून स्टेरॉइडचे थेंब येतात. उघड्या व्रणावर स्टेरॉइड म्हणजे आगीत रॉकेल. दोन दिवसांत वाटाण्याएवढं भोक. मी या विषयावर चिडून बोलतो अशी तक्रार विद्यार्थी करतात आणि ती खरी आहे.

एक गोष्ट संस्थेच्या इतिहासात सहसा लिहिली जात नाही, ती म्हणजे काढून टाकलेल्या डोळ्यांची. सभांमध्ये वाचवलेल्या डोळ्यांचे फोटो दाखवतात. पण फुटून आत सगळं विस्कटलेला, दुखरा, आंधळा डोळा ठेवण्यात कुत्र्याचं हित नसतं. तो काढला की दुसऱ्या दिवशी कुत्रं जेवतं, शेपूट हलवतं. मालक तेव्हा रडत असतो, कारण शिवलेली रिकामी जागा त्यालाच बघावी लागते. काढावं की ठेवावं हा निर्णय मला नेहमी टाक्यांपेक्षा अवघड गेला. तरुण डॉक्टर ठेवायच्या बाजूनं झुकतो, मीही झुकत असे. वय वाढलं तशी माझी कात्री लवकर बाहेर येऊ लागली, आणि ती बहुतेक वेळा बरोबर ठरली.

रस्त्यावरच्या कुत्र्याचा डोळा हा वेगळाच विषय. कुणीतरी दयेनं उचलून आणतं. आम्ही आधी विचारतो, कुणाला चावलं का, लाळ गळते का, आवाज बदलला आहे का. डोळा लटकतो म्हणून रेबीज नसेल असं नाही. हातमोजे, तोंडाला पट्टी आणि स्वतःची लस आधी. हाकेच्या अंतरावर हाफकिन संस्था आहे, जिथे कुत्रं चावलेल्या माणसांच्या लशीवर काम झालं. परळच्या या दोन फाटकांच्या मधून किती कुत्रे आणि किती माणसं गेली असतील, याचा हिशेब कुठल्याच वहीत नसणार.

आता शहरात कुत्र्यांसाठी इतर जागाही झाल्या. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. हे चांगलंच झालं, डोळा बाहेर आलेल्या कुत्र्याला मुंबईची वाहतूक ओलांडून जायला एकच ठिकाण असणं बरं नव्हे.

त्या अप्सोचे टाके काढायचा दिवस राहिला. तीन आठवडे आजी रोज थेंब घालत होत्या आणि कुत्रीच्या गळ्यात एक्सरेच्या जुन्या फिल्मचं नरसाळं होतं, ते टॅक्सीच्या दारात अडकायचं. टाके काढले, नळीचे तुकडे गळून पडले, पापण्या उघडल्या. डोळा जागेवर होता, काच स्वच्छ होती. पण तो किंचित बाहेरच्या बाजूला, कानाकडे बघत होता. नाकाकडचा स्नायू तुटला होता. सरांनी टॉर्च मारला. बाहुली हलली नाही. त्यांनी मामांना खूण केली. मामांनी कापसाचा बोळा घेतला आणि कुत्रीच्या डावीकडून सोडला. कापूस आवाज करत नाही म्हणून कापूस. ती ढिम्म. मग उजवीकडून सोडला, तो जमिनीला टेकायच्या आत तिनं तोंडात धरला.

आजींनी विचारलं, "ओ डाबी आंख थी कंई नथी जोती?"

सर म्हणाले, नाही.

आजींनी कापूस तिच्या तोंडातून काढून घेतला, ती सोडेना. मामांनी केसपेपर घडी करून त्यांच्या हातात दिला आणि नरसाळं काढू का म्हणून विचारलं. आजी म्हणाल्या, घरी जाऊन काढते, टॅक्सीवाला आता ओळखतो.